वाटीतला पाहुणा
मिठाची बरणी धुवायला घेतली तर तळाशी एक चौकोनी, काचेसारखा खडा चिकटलेला दिसला आणि पालघरच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. दोन वर्षं मी एकाच गोष्टीमागे होते: वाटीसारखा एक रेणू, त्याला आम्ही यजमान म्हणायचो, आणि त्याच्या पोटात डीएनएमधलं ॲडेनिन पाहुणा म्हणून बसवायचं. दोघांचा मिळून स्फटिक झाला की प्रबंध सुटला. पण द्रावणाच्या बाटलीत नुसता भुगा पडायचा, आणि मी ती रोज उचलून उजेडात धरायची. जवळच्या दांडी गावाहून साफसफाईला येणाऱ्या मावशींची अर्धी हयात मिठागरात गेलेली. एकदा त्या वैतागल्याच. "सारखी काय हलवतेस गो? हलवलं का बारीकच पडनार. ठेव आनि इसर." बाटली माझ्या हातातून घेऊन त्यांनी कपाटामागे ठेवली, वर फडकं टाकलं. महिन्याभराने तिथे टपोरा, लखलखीत खडा! मग क्ष-किरण तपासणीचा निकाल आला. वाटीत ॲडेनिन नव्हतंच, साधं पाणी होतं. मावशींनी विचारलं, "पावना आला का?" म्हटलं, "नाही, पाणीच बसलंय आत." त्या फडकं पिळत म्हणाल्या, "मंग बसू दे. खडा तर झाला ना?" मी पुन्हा प्रयत्न केला नाही, प्रबंध तसाच राहिला. आता तारापूरच्या कारखान्यात दिवसभर औषधाच्या भुकटीत पाणी किती शिरलंय ते मोजते आणि संध्याकाळी सरावलीच्या या खोलीत येऊन भांडी घासते. बरणी मात्र आज धुतली नाही. तशीच फळीवर मागे सरकवली आणि वर फडकं टाकलं.