वहिनींचं कौतुक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तान्ह्या पोरांना जितकी नावं माझ्या थोरल्या वहिनींनी ठेवली, तितकी सगळ्या आत्यांनी मिळूनही ठेवली नसतील. वहिनी शिंदे की छावनीतल्या माता-बाल कल्याण केंद्रात नर्स होत्या आणि संध्याकाळी केंद्राला कुलूप लागलं तरी त्यांची नोकरी काही सुटत नसे. हळदीकुंकवाला गेल्या तर आधी बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडत, मग वाण घेत. भर मे महिन्यात लोकरी टोपरं घातलेलं बाळ दिसलं की ओळखपाळख न बघता टोपरं काढून आईच्या हातात देत. एकदा टेम्पोत त्यांनी शेजारच्या बाईची दुधाची बाटली हुंगली आणि सरळ रस्त्यावर फेकली. बाई भांडायला उठली. वहिनी तिला बाटली उकळायची कशी ते शिकवत बसल्या, आणि दोघी मुरारच्या शेवटच्या थांब्यावर मैत्रिणी होऊन उतरल्या. खरं तर दोघींनाही बरंच आधी उतरायचं होतं.

पण त्यांची खरी कला केंद्रात दिसे. वजन केलं की मुलाला नजर लागते, ही तिथल्या सासवांची ठाम समजूत. म्हणून वहिनी गुटगुटीत पोर काट्यावर ठेवताच ओरडत, "हाय राम, कैसा बंदर पैदा किया है! उठा इसे, मेरी मशीन टूट जाएगी!" आई खूश, सासू खूश. उलट एखादं पोर वजनात कमी भरलं, तर चारचौघांत आईची बेइज्जती नको म्हणून त्या हळूच म्हणत, "बड़ी सुंदर है," आणि आईला बाजूला घेऊन बसत. छावनीतल्या बायका हे जाणून होत्या. वहिनींनी शिवी दिली की निश्चिंत घरी जायचं, कौतुक केलं की थांबायचं.

मला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. जयेंद्रगंजातल्या आमच्या घरी माझ्या मुलीचं बारसं होतं. वहिनींनी तिला मांडीवर घेतलं, पोटाची कातडी हलकेच चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "किती देखणी आहे गं!" मी फुलून गेलो. माझी बायको केंद्रात जाऊन आलेली, तिचा चेहरा उतरला.

"भावजी, टेम्पो आणा. हॉस्पिटलात जायचंय."

"आत्ता? अहो, पंगत बसायचीय!"

"पंगत जेवेल. तुम्ही चला."

मुलीला सलाईन लावलं तेव्हा मी पार घाबरलो. व्हरांड्यात, मागोमाग आलेल्या नातलगांसमोर म्हणालो, "तुमचीच नजर लागली, वहिनी. स्वतःला मूल नाही ना!" त्या आत गेल्या आणि वाटी-चमच्याने मुलीला आईचं दूध पाजत बसल्या. अंगातलं पाणी आटलं होतं, वेळेवर आणलं म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले.

मुलगी बरी झाली. माझं वाक्य मात्र घरात राहिलं. जावा-नणंदा आपली तान्ही पोरं पदराआड धरू लागल्या. अख्खी छावनी ज्यांच्या हाती मुलं सोपवायची, त्या वहिनी आमच्या घरच्या बारशाला स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत बसत. "मला इथंच बरं," म्हणत. मी ते ऐकत असे आणि पुऱ्या खात असे. नात्यात ती नजरेची गोष्ट अजून सांगितली जाते. ती खोटी आहे आणि ती मी सुरू केली.

दादा गेल्यापासून वहिनी दर्पण कॉलनीत एकट्याच राहतात. यंदा दिवाळीत मी मुलीला सारं सांगितलं. तिचेही केस आता पिकायला लागलेत. "मला काय सांगता, बाबा? काकूला सांगा," ती म्हणाली, आणि मला तिकडे घेऊनच गेली. तिच्यादेखत मी माफी मागितली. म्हणालो, तेव्हा घाबरलो होतो.

"ते मला तेव्हाच कळलं होतं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "घाबरलेला बाप काहीही बोलतो, केंद्रात रोज ऐकत होते मी. पण पोर बरी झाली ना? मग का नाही बोललात?"

त्यांनी माझ्या मुलीला जवळ बसवून घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. इतकी वर्षं तिला हात लावण्याआधी त्या दर वेळी माझ्याकडे पाहत असत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. या वेळी त्यांनी पाहिलं नाही.