बोट की वायर

टीव्हीतल्या गाडीचा आवाज बसला की माझे हात कामावरून थांबतात. मी स्वयंपाकघरात असतो, कुकरची शिट्टी व्हायची असते आणि कान मात्र बाहेरच्या खोलीत. घूंऽऽ चालू आहे तोवर ठीक. जरा मंदावलं की हातात असेल ते घेऊन मी दारात. कधी झारा, कधी अर्धा सोललेला दोडका.

"आलात? बोट हाय जाग्यावर. वायर गेली असंल," बायको म्हणते. मान न वळवता.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला. सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं सौम्य वेगळं आणि घरच्यांचं वेगळं. पाय लवकर सावरला. बोलणं तर थांबलंच नव्हतं. पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा, कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी गोळा दिला. "जलमभर कणीक मळली, आता ही रबराची मळू?" म्हणून तिनं तो खिडकीत ठेवून दिला. मग पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी आली आणि माळ्यावरचा तिचा जुना व्हिडिओ गेम काढून टीव्हीला जोडून गेली. त्याच्या वायरवाल्या रिमोटवर उजव्या तर्जनीखाली एक बटण असतं. दाबून धरलं की गाडी पळते, सोडलं की थांबते. बाईंनाही हा व्यायाम पटला. मी स्कूटी शिकवत असताना जिनं मला माधवनगरच्या गिरणीच्या भिंतीत नेऊन घातलं होतं, ती आता रोज सकाळ-दुपार शर्यतीत पळू लागली.

पळू दे. माझी भीती थांबण्याची होती. गाडी थांबली, तर वायर गेली की बोट गेलं, हे ओळखायचं कसं? "पुन्हा काही वाटलं तर लगेच आणा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला तर रोजच वाटायचं.

पहिल्या रिमोटच्या बटणाची स्प्रिंग बसली. गाडी निम्म्या वेगानं चालायला लागली. बायको बोटाकडं बघायची, मी तिच्याकडं, आणि दोघंही चटकन टीव्हीकडं. तिसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर मी तिच्या जागेवर बसलो आणि सगळा जीव एकवटून बटण दाबलं. गाडी उसाच्या बैलगाडीसारखी रखडत निघाली. एखादी वस्तू मोडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. न्हाणीच्या दारावर थापा मारल्या. "अगं, मोडलाय! रिमोट मोडलाय!"

"मग काय पेढं वाटू?" आतून उत्तर आलं.

दुसऱ्याची वायर रिमोटातून निघते तिथं, मानेपाशी, ढिली झाली. एका बाजूला वाकवून धरली तरच चाले. मी तिला टेप गुंडाळला, वरून सुतळीनं करकचून आवळलं. वायर आतल्या आत तुटली. बायको तासगावकडच्या द्राक्षबागेत वाढलेली. गाठ बघून तिनं कपाळाला हात लावला. "आवं, गळा आवळलाय की तिचा. वेल बांधताना सुतळीत बोटभर ढील ठेवत्यात. हलायला जागा नगं का?" तिसरा रिमोट आला तेव्हा सुतळीचं एक टोक तिनं डाव्या हाताखाली दाबून धरलं, दुसरं मी फिरवलं, आणि गाठ तिच्या हुकमानं पडली.

पण या तिसऱ्याला एक नवीच खोड होती. ती मला कुणी सांगितली नव्हती.

माझं लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. वडील धरणावर नोकरीला होते. तिथल्या पोराला पाढ्यांच्या आधी एकच गोष्ट शिकवतात. भांडी वाजली की बाहेर पळायचं. विचार मैदानात उभं राहून करायचा.

त्या दुपारी मी तिच्या शेजारी तांदूळ निवडत बसलो होतो. रिमोटचं वजन हातावर येऊ नये म्हणून तिनं तो समोरच्या स्टीलच्या ताटावर टेकवला होता. ताटात पाण्याचा पेला आणि औषधाचा चमचा. टीव्हीतली गाडी भिंतीवर आदळली आणि पेला वाजू लागला. मग चमचा. मग सगळं ताटच.

"भूकंप! ऊठ, ऊठ!"

तिच्या कमरेला विळखा घालून मी तिला ओढत उंबऱ्याबाहेर काढली. मागं काहीतरी टप्पदिशी तुटलं. तांदूळ पायाखाली.

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं ओ?"

"हलतंय!"

"काय हलतंय?"

मी बघितलं. त्यांच्या दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलत नव्हता.

मग माझं लक्ष बायकोच्या उजव्या हाताकडं गेलं. त्यात रिमोट होता. गाडी आदळली की थरथरायचं, ही त्याची खोड; ताट त्यानंच वाजवलं होतं. खाली हातभर वायर लोंबत होती. सुतळीची गाठ जागच्या जागी, तिच्या पलीकडं वायर तुटलेली. आदल्या दिवशीच या हातातून चहाची कपबशी निसटली होती. आता बोटं रिमोटभोवती आवळून पांढरी पडली होती.

"सोड," मी म्हणालो.

ती सोडेना. अशा हाताची कधीकधी मूठ वळते आणि उघडत नाही, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं.

"अगं, सोड ना. सुटत नाही का?"

"थांबा जरा."

ती हाताकडं बघत राहिली. करंगळी उचलली गेली. बऱ्याच वेळानं तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. तर्जनी सगळ्यात शेवटी, बटणावरून.

"सुटतंय की. मीच धरलंय. तुमी वडत हुता, मी काय धरायचं मग?"

तिनं उजव्याच हातानं रिमोट माझ्यापुढं केला. मी तो दोन्ही हातांत घेतला आणि दचकलो.

"अगं, हा अजून थरथरतोय!"

"आवं, वायर तुटलीय त्येची," ती म्हणाली. "त्यो कशानं थरथरंल? तुमचं हात हायत ते."