कांबळेबाईंची पाळी गेली ते वर्ष

तीन बायका एका खोलीत नोकरीला बसल्या की किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. गावोगावी पाण्याचे टँकर पाठवणाऱ्या कलेक्टर कचेरीच्या आमच्या शाखेत तेव्हा आम्ही तिघी होतो: मोठ्या क्लार्क कांबळेबाई, शिपाई शांताबाई आणि नवी टायपिस्ट मी. बाई सत्तेचाळीसच्या, त्यांच्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी त्यांचीच. त्याच वर्षी त्यांची पाळी जायला लागली. आज त्या दिवसांची फार आठवण येते.

*

ऑफिसात पंखा एकच, तोही शेजारच्या खोलीत साहेबांच्या डोक्यावर. बाईंना एकाएकी छातीपासून कानापर्यंत वाफ चढायची, ब्लाउज भिजायचा. मग त्या फाईल उचलून सहीला जायच्या आणि पंख्याखाली उभ्या राहायच्या. दिवसातून आठ वेळा. साहेब म्हणायचे, एवढं तत्पर माणूस पाहिलं नाही. शेवटी सह्या झालेलीच फाईल पुन्हा गेली. साहेबांनी पुन्हा सही केली!

*

राग तर विचारू नका. एक टँकरवाला अर्धाच टँकर भरून न्यायचा. साहेब त्याला गोडीनं समजवायचे. बाईंनी एकदाच झापला. दुसऱ्या दिवशी तो दारातच शांताबाईला विचारतोय, बाईंचा मूड कसा आहे?

"आज लई घाम यायलाय त्यांना," शांताबाई म्हणाली. "जा, पुरा भरून आण."

*

मग झोप उडाली, विसरायला व्हायला लागलं. शांताबाईच्या मते नजर लागली होती. बाई असलं काही मानत नव्हत्या. मीच त्यांना लेडी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, हा आजार नाही, वय आहे. चहा कमी करा, सुती नेसा, रोज चाला, दूध-तीळ खा. मात्र पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा अंगावरून गेलं, तर लगेच या.

बाईंनी सगळं ऐकलं. त्या दिवसापासून चहा अर्धाच कप घ्यायच्या, फक्त दुप्पट वेळा.

*

तरी एका सकाळी त्यांनी राजीनामा टाइप करायला दिला. त्यांच्या विसरण्यानं एका गावाला दोन दिवस टँकर गेला नव्हता. मी रडतरडत टाइप केला आणि त्यांच्या मागोमाग साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले.

साहेबांनी कारण विचारलं. कुणा पुरुषाला कधी न सांगितलेलं सगळं बाईंनी सांगून टाकलं: घाम, राग, जागरण, विसरणं. "डोस्कं फिरलंय माझं, साहेब. माझ्यापायी लेकरं तहानली."

साहेबांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात?

"वय हाय म्हणतेत. काही वर्षांत निवतं."

"निवतं?"

"हाव."

साहेबांनी हातातला राजीनामा खाली ठेवला. "आमच्या घरातही हेच झालं होतं, बाई. मला वाटलं, तिला वेड लागलं. माहेरी बिलोलीला नेऊन सोडली. दोन वर्षं झाली."

राजीनामा त्यांनी परत केला. टँकरची यादी रोज बाईंनी आणि मी मिळून तपासायची, म्हणाले. मग कोरा कागद ओढून काहीतरी लिहिलं. दुष्काळात रजा सगळ्यांच्याच बंद होत्या आणि रजेचे अर्ज बाईच घ्यायच्या. साहेबांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. रजेचं कारण लिहिलं होतं: पत्नीस बिलोलीहून घरी आणणे.

बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला आणि टेबलावरचा शिक्का उचलून तिथंच मारला.