पंगत न कापणारे गफूरभाई

लातूरचे व्हिडिओ शूटिंगवाले गफूरभाई गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास वारले. वय अडुसष्ट होतं. मला नांदेडला ही बातमी त्यांच्या मुलीनं, नसरीननं, फोनवरून दिली. ‘काका, अब्बा गेले,’ एवढंच ती म्हणाली आणि मग, ‘कॉम्प्युटर सुरूच होता...’

त्यांची माझी ओळख भूकंपाच्या वर्षातली. मी लातूरला नवा वार्ताहर होतो. किल्लारीच्या परिसरात पत्र्याच्या शेडमधून फिरताना एक माणूस दिसायचा. गळ्यात कॅमेरा नाही, हातात वही. तो लोकांना एकच प्रश्न विचारायचा : तुमच्या घरातलं कुठलं लग्न मी शूट केलं होतं? तेव्हा या धंद्यात एक रिवाज होता. लग्नघराला कॅसेटची प्रत दिली की मूळ कॅसेट पुसायची आणि पुढच्या लग्नाला वापरायची. गफूरभाईही तेच करत. भूकंप झाला त्या सकाळी त्यांच्या दुकानात पुसायच्या कॅसेटींचा ढीग पडलेला होता. त्यातली एकही त्यांनी पुढे पुसली नाही. घरं पडली तसे घरातले फोटोही गेले होते. कित्येक माणसं चालताना-बोलताना दिसतील अशी जागा आता त्या ढिगातच उरली होती.

गफूरभाईंची आणखी एक सवय होती आणि तिची टिंगल व्हायची. ते पंगत पूर्ण घेत. ओळीच्या एका टोकाला कॅमेरा सुरू करत आणि एकेक चेहरा घेत दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुढची ओळ, असे चालत राहत. बाकीचे शूटिंगवाले नवरा-नवरी आणि पाहुण्यांची चार पानं घेऊन मोकळे होत. ‘भाई, लोक जेवताना काय बघायचंय?’ असं एकदा मी विचारलं होतं. ते म्हणाले, ‘पत्रकारसाब, मांडवात समदे येत न्हाईत. कोणी चुलीवर राहतंय, कोणी बैलं बघतंय. पंगतीला मात्र समदं गाव बसतंय.’

या सवयीमुळे सुभद्राबाईंचा मुलगा चित्रात तरी राहिला. त्या औसा तालुक्यातल्या. भूकंपाच्या वेळी माहेरी होत्या. नवरा आणि सात वर्षांचा दत्तू गावी होते. दोघंही गेले. दिराच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरा सापडला नाही; तो वाढायला होता आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याकडे त्याची पाठ होती. दत्तू सापडला. हॅलोजनच्या उजेडात डोळे बारीक करून तो द्रोणातला मठ्ठा पितो. अकरा सेकंद.

सुभद्राबाई वर्षातून तीन-चार वेळा एसटीनं लातूरला येत, दुकानात स्टुलावर बसत आणि ते पाहून संध्याकाळच्या गाडीनं परत जात. गफूरभाई ग्लासभर चहा आणून देत. त्या बाहेर गेल्या की कॅसेट काढून उजेडात धरून बघत. हे मी पाहिलेलं आहे. टेप दर वेळी थोडी झिजत होती. दोन-तीन वर्षांत चित्रावर रेघा आल्या, नंतर रंग ओघळू लागला. बघून बघूनच मुलगा पुसला जात होता. हे त्यांनी सुभद्राबाईंना कधीही सांगितलं नाही, आणि दाखवायलाही कधी नाही म्हटलं नाही.

मग लातुरात क्लासेसचे दिवस आले. उदगीरपासून नांदेडपर्यंतची पोरं खोल्या करून राहू लागली. भौतिकशास्त्राच्या एका सरांना आपली लेक्चर डिस्कवर हवी होती. ‘भाई, मी नाही दिसलो तरी चालेल, फळा दिसला पाहिजे,’ हे त्यांचं म्हणणं. त्या कामावर गफूरभाईंनी कॉम्प्युटर घेतला, टेपवरून चित्र आत घ्यायचं कार्ड घेतलं आणि डीव्हीडी बनवायची सॉफ्टवेअर जमवायला सुरुवात केली. त्याच सुमारास आमच्या पुरवणीनं मला घरगुती डीव्हीडी सॉफ्टवेअरच्या तुलनेचा लेख सांगितला. मी चार सॉफ्टवेअर वापरून पाहिली, किती वेळात डिस्क होते, किती देखणे मेनू मिळतात याचा तक्ता केला आणि खात्री करून घ्यायला लातूरला गेलो.

त्यांनी माझा तक्ता नीट वाचला. मग स्वतःची वही पुढे केली. सॉफ्टवेअर तीच चार. नावांऐवजी एक ते चार असे आकडे होते. एक नंबर सगळ्यात झपाट्याचा. दृश्य बदललं की तो आपोआप चॅप्टर, म्हणजे रिमोटनं थेट जाता येईल अशी खूण, पाडायचा. लेक्चरला उत्तम, पंगतीला निकामी, कारण पंगतीत दृश्य तुटतच नाही. दोन नंबरला मी पहिलं बक्षीस दिलं होतं. त्याच्या प्रत्येक मेनूवर फुगे, बदाम आणि स्वतःचं संगीत. ‘लई नटवं हाय हे,’ ते म्हणाले. ‘गेलेल्या माणसांभोवती फुगे उडवू का?’ तीन नंबरला मेनूतली छोटी चित्रंही हलायची, संपली की आपोआप पुन्हा सुरू व्हायची. चार नंबर संथ, दिसायला ओबडधोबड. पण त्यात चॅप्टर हातानं, हव्या त्या चौकटीवर ठेवता यायचा आणि बटणाच्या जागी स्वतःचं चित्र बसवता यायचं. वहीतला शेवटचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता : ‘सुभद्राबाईला एकटीला जमतं का?’

त्यांनी सुरुवातीला तीन नंबर निवडला. जुन्या टेपवर भरवसा नव्हता, म्हणून व्हीसीआरचं हेड पुसून, कॅसेट हातानं ढिली करून, एकाच दमात सगळं आत घेतलं. ते जमलं. मग त्यांनी दत्तूचे अकरा सेकंद वेगळे कापले. डिस्क घातली की तोच दिसणार, मठ्ठा पिणार, संपलं की पुन्हा पिणार. बाईंना काही शोधायला नको. ही डिस्क घेऊन ते पुनर्वसनाच्या गावी गेले. मी बरोबर होतो. सुभद्राबाईंच्या घरी पुतण्यानं आणलेला स्वस्तातला प्लेअर होता.

दत्तू मठ्ठा प्यायला. पुन्हा प्यायला. तिसऱ्यांदा प्यायला लागला तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, ‘भाई, लेकराला एकट्यालाच जेवू घातलंव? पंगत कुठं गेली वो?’

गफूरभाईंनी डिस्क बाहेर काढली. ‘चुकलं माझं, बाई,’ म्हणाले. चहा न घेता निघाले. गाडीत, औसा मागे पडल्यावर म्हणाले, ‘बारा वर्षं पंगत न कापणारा म्हणून मिरवलो आन् शेवटी मीच कापली...’

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार नंबर उघडला. पूर्ण पंगत सलग ठेवायची आणि तिच्यात प्रत्येक चेहऱ्यावर एक चॅप्टर, असं ठरवलं. त्यासाठी नावं हवी होती. पुढचे पाच महिने दर शुक्रवारी, नमाजनंतर, ते टीव्ही आणि प्लेअर घेऊन त्या गावी जात आणि समाजमंदिरात पंगत लावत. लोक जमत. ‘हा तर आमचा तुकाराम, बघा की, बुंदी खिशात घालायलाय!’ असं कुणी ओरडे आणि सगळे हसत. गफूरभाई नाव लिहून घेत. सॉफ्टवेअरमध्ये मराठी लिहिलं की अक्षरं फुटत. म्हणून प्रत्येक चेहऱ्याचं चित्र काढून त्यावरच नाव उमटवून तेच बटण केलं. त्र्याऐंशी चेहरे झाले. तिघांची नावं कुणालाच सांगता आली नाहीत. त्यांची चित्रं बिननावाची, पण आपापल्या जागी राहिली. डिस्क सर्वांत कमी वेगानं लिहिली, कारण सुभद्राबाईंच्या प्लेअरला तशीच वाचता येत होती. पहिल्या तीन डिस्क त्यांच्या घरी चालता चालता अडकल्या. चौथी चालली.

एका पानावर सहा चेहरे, बसले होते त्या क्रमानं. दत्तू एकतिसावा. सुभद्राबाईंना अक्षरओळख नव्हती. पाच वेळा पुढचं पान, मग ओके, हे त्यांनी एका दुपारीत बोटांवर बसवलं. दत्तू आला. मठ्ठा पिऊन झाला आणि कॅमेरा शेजारच्या पानावर सरकला, तिथून पुढच्या. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि शेवटपर्यंत पाहिलं. त्यानंतर ती कॅसेट पाहायला त्या लातूरला आल्या नाहीत.

तुलनेचा माझा लेख छापून आला. दोन नंबरचं पहिलं स्थान मी काढून टाकलं. चारला पहिलं दिलं आणि त्याला एका वाक्याचं कारण जोडलं. संपादकांनी ते वाक्य जागेअभावी कापलं. गफूरभाईंनी पुढे दहा-अकरा गावांच्या पंगती अशाच पुऱ्या केल्या. यातलं काहीही त्यांनी मला बातमी करायला सांगितलं नाही.

त्यांच्या निधनानंतर तीन आठवड्यांनी सुभद्राबाई पुतण्याबरोबर नसरीनला भेटायला लातूरला आल्या. मी तिथं होतो. त्यांनी नसरीनला डिस्क लावायला सांगितली आणि पंगतीच्या अगदी शेवटी थांबवली. तिथं दुसराच एक वाढप्या कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणतो, ‘ओ शूटिंगवाले, बसा की आता, बुंदी संपायली.’ कॅमेऱ्यामागून आवाज येतो, ‘होऊ द्या, ती कडंची ओळ राहिली.’

‘भाई तर हितं बोलायलेत,’ सुभद्राबाई म्हणाल्या. ‘समद्यांला जागा दिली. सोताला न्हाई.’

शेवटच्या पानावरची सहावी जागा रिकामी होती. नसरीननं आतल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर सुरू केला, चार नंबर उघडला आणि त्या वाक्यावर चौऱ्याऐंशीवा चॅप्टर ठेवला. त्याच्या चित्रात चेहरा नाही. पळी पुढे केलेला वाढप्याचा हात आहे. खाली नाव आहे, गफूरभाई. नवी डिस्क गेल्या गुरुवारी सुभद्राबाईंच्या घरी पोहोचली. त्यांच्या प्लेअरनं ती पहिल्या खेपेला वाचली.