बिनदाती पट्टा

भूषणच्या बातमीचा फोन आला तेव्हा मी खांडबाऱ्याच्या शाळेत फळ्यावर बेरजा लिहीत होते. पलीकडचा माणूस हिंदीत "आपका भाई..." एवढंच म्हणून थांबला, आणि मी खुळ्यासारखी त्याला विचारत राहिले, गाडी कुठे आहे? माझ्या धाकट्या भावाची ओळखच त्या गाडीने व्हायची. आठ चाकांची, वरून उघडी, पाण्यात घातली की होडीसारखी तरंगणारी. हिमाचलातल्या वरच्या खोऱ्यात धरणाच्या एका ठेकेदाराकडे तो ती चालवायचा. उन्हाळ्यात नदीपलीकडे माणसं पोचवायची, हिवाळ्यात चाकांवर रबरी पट्टे चढवून बर्फातून किराणा आणि औषधं न्यायची. ब्राह्मणपुरीत, आमच्या खानदेशातल्या गावात, वाढलेल्या या मुलाने तोवर बर्फ पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आम्ही दोघं माहेरी एकत्र होतो. तीच शेवटची भेट. येताना त्याने तिकडे झिजून टाकून दिलेल्या पट्ट्याचा एक तुकडा आणला होता, हातभर रुंद, जवळजवळ सपाट. पाय पुसायला म्हणून तो त्याने उंबऱ्यापाशी अंथरला. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो उलटासुलटा करून पाहिला. "याले दातच नही. हाई काय धरी?" भूषण हसला. "आण्णा, बरफले धरनं नही ऱ्हास, त्यान्हावर तरंगनं ऱ्हास." मग चहा गार होईपर्यंत तो आम्हाला समजावत बसला. नवा भुसभुशीत बर्फ असेल तर रुंद, सपाट पट्टा हवा, तो वजन पसरवतो, गाडी वर राहते. चढावर बर्फ काचेसारखा गोठला असेल तर मात्र उंच दातांचा अरुंद पट्टा, तो रुतून पकड घेतो. एकदा चढवला की हिवाळाभर तोच, कारण तिथल्या थंडीत उघड्यावर पट्टे बदलणं सोपं नाही. म्हणून आधीच नीट विचार करावा लागतो, म्हणाला. आण्णांनी मान हलवली, पण त्यांना काही ते पटलं नव्हतं.

आमच्या घरात चाकाची कुठलीही वस्तू आण्णांना विचारल्याशिवाय येत नाही. ट्रॅक्टरचं टायर असो की नातवाची सायकल. काळ्या रानात कुणाचा ट्रॅक्टर रुतला की आजूबाजूच्या गावांतून त्यांनाच बोलावणं यायचं, आणि ते काढूनही द्यायचे, हे मला नाकारायचं नाही. त्यांचं म्हणणं एकच, चिखलाला भ्यायचं नाही, चाकाला खाली जाऊ द्यायचं. या थंडीच्या तोंडावर भूषणचा फोन आला तेव्हा मी माहेरीच होते. त्याच्या वाटेत यंदा एक नवा गोठलेला चढ आला होता आणि चढापलीकडे तळ्याकाठचं मैदान, तिथे भुसभुशीत बर्फ. एक पट्टा चढाला चांगला, दुसरा मैदानाला.

"आण्णा, कोनता पट्टा टाकू?"

"दातवाला टाक. रुतनी तरी रुतू दे जराखी. खाले कठन भुई लागसच."

आण्णा फोन माझ्या हातात देऊन गोठ्याकडे गेले. भूषण हळू आवाजात म्हणाला, "ताई, बरफले तळ नही ऱ्हास." मी म्हटलं, "मंग आण्णास्ले सांग ना." तो नुसता हसला. "त्यास्ना शब्द कसा मोडू?"

इतकी वर्षं बर्फ पाहिलेल्या माणसाने, कधीही बर्फ न पाहिलेल्या माणसाचा शब्द मोडला नाही. या गोष्टीचा मला राग आहे, आणि तो मेलेल्या भावावर आहे, हे मी इथे स्पष्ट लिहिते. चढ तो चढला. मैदानात पट्ट्याच्या दातांनी बर्फ उकरला, गाडी पोटावर टेकली आणि पट्टे नुसते फिरत राहिले... कठीण भुई लागलीच नाही. तो पायी मदत आणायला निघाला आणि वादळात सापडला. पाण्यात कधी न बुडालेली गाडी तिथे कोरड्या बर्फात बसली.

ठेकेदाराच्या माणसाचा पुन्हा फोन आला. आवाजात सांत्वन होतं, पण बोलायचं ते त्याने नीट ठरवून आणलं होतं. "मॅडम, पट्टे उन्होंने खुद चुने थे।" असल्या वाटेवर एकट्या माणसाला पाठवणं कोणी निवडलं होतं, ते मात्र त्या ठरवून आणलेल्या बोलण्यात नव्हतं. आण्णा समोरच होते. "काय म्हने तो?" मी सांगितलं, वादळ व्हतं, कोनाच्याच हातात काही नव्हतं. तेराव्याला माणसं जमली आणि एकमेकांना सांगत बसली, पोरगा बापाचा शब्द कधी खाली पडू द्यायचा नाही. काय तर म्हणे संस्कार! त्या पंगतीतून उठून जावंसं वाटलं मला. आण्णा खाली मान घालून ऐकत होते. ते कौतुक त्यांच्या जिवाला काय करतंय हे कुणाला कळत नव्हतं, आणि मलाही वाटत होतं की त्यांना काही ठाऊक नाही.

परवा माहेरी गेले. तो सपाट पट्टा अजून उंबऱ्यापाशीच आहे. सगळे त्याच्यावर पाय पुसतात. आण्णा पुसत नाहीत. गुडघे धड नसताना चौकट धरतात, पाय उचलतात आणि तो ओलांडून जातात. मला बघवेना. "आण्णा, काढी टाकू का हाऊ?"

"ऱ्हाऊ दे." मग चौकट न सोडता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "माय, त्यान्ही दातवालाच टाकेल व्हता ना?"

पुन्हा खोटं बोलायला माझं तोंड उघडलं नाही. आण्णांनी दुसरा पाय हाताने उचलून पट्ट्यापलीकडे ठेवला आणि ते शेताकडे निघून गेले.