लेखी उत्तर आलं नाही

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारा मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. जिल्ह्यातल्या धानवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपनं मला पंच केलं तेही त्यासाठीच. जुन्या वाणाचं बियाणं आमच्यात कोणी विकत नाही. मागेल त्याला शब्दावर देतात. त्यावरून भांडण झालं तर निकाल पंचानं द्यायचा. नियम मीच लिहिला होता: तक्रार लेखी, उत्तरही लेखी, दोन दिवसांत.

गेल्या हंगामात तुमसरकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं फोटो टाकला. करडी गावच्या एका म्हाताऱ्याकडून त्यानं सुगंधी धानाचं बियाणं नेलं होतं. लोंब्या निघाल्या तर बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, जागोजागी दुसऱ्याच वाणाची लाल कुसं, लाल कुसळं. ‘मला फसवलं,’ असं त्यानं लिहिलं. म्हाताऱ्याचं लेखी उत्तर आलं नाही. माझ्या फोनवर त्याच्या आवाजातले तीन निरोप तेवढे आले. मी ते उघडले नाहीत. लिहिलेलं तेच खरं, हे मी शिकून आलो होतो. तिसऱ्या दिवशी त्याला ग्रुपमधून काढलं.

यंदा पेरणीच्या वेळी कळलं, त्याच्या दारात बियाणं मागायला कोणीच गेलं नाही. तेव्हा कुठे मी ते निरोप ऐकले.

“बाबू, मले लिवता येत नाही. त्याले देतानाच सांगतलं होतं, बाजूच्या बांधीतलं लाल कुसाचं मिसळलं हाये, लोंब निघाली का उपटून टाकजो. त्यालेच विचार ना.”

विचारलं. “हो, बोलले होते,” तो तरुण म्हणाला. “उपटायचं राहून गेलं.”

मी करडीला गेलो. म्हाताऱ्यानं आधी पाणी दिलं.

“काहून गा, एवढा शिकला, आयकाचं राहून गेलं का?”

“ग्रुपवर माफी लिहितो, बाबाजी.”

“लिवलेलं मी कसं वाचू? बोल. माह्यासमोर बोल.”

फोन तोंडाजवळ धरला. “मागच्या निकालात चूक झाली,” अशी सुरुवात केली.

“कोणाची?” तो म्हणाला.

मी ते पुसलं. मग घरी बोलतो तसा बोललो, “चूक माही हाये. मी बाबाजीचं आयकलंच नाही. त्याईनं खरं सांगूनच बियाणं देलं होतं.”

पाठवलं. त्यानं फोन मागून घेतला, कानाला लावून सगळं ऐकलं आणि परत दिला.

“यंदाची पेरणी तं होऊन गेली,” तो म्हणाला. “पुढच्या साली पाहू, कोणी येते का.”