एकदम खाली, पापा की सही

साथीमुळं शाळा बंद होत्या त्या दिवसांत मी बोलत खूप होते, पण माणसांशी नाही. सकाळी नऊला खिडकीशी बसायचं, फोन ओठांपाशी धरायचा आणि "बच्चों, नमस्ते" म्हणायचं. पाच मिनिटांचा धडा आवाजात भरून गावातल्या फोनांवर पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर कसलं! फोन बापांचे, बाप रानात. संध्याकाळी सात-आठला कुठं दोन निळ्या खुणा उमटायच्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते हे. आणि मला तर शेळ्या दिसतही नव्हत्या.

माझी शाळा चिरगाँवच्या पुढं एका खेड्यात, पहिली ते पाचवी. मी राहते झाशीत, दतिया गेटपाशी दोन खोल्यांत. लग्न होऊन इथं आले ती आमच्या ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळं. पुढं मला इथं मास्तरकी मिळाली आणि यांची बदली झाली भुसावळला. मग ते तिकडं, मी इकडं. रात्री फोनवर "जेवलीस का?" "जेवले." झाला संसार.

बावीस वर्षं मी हिंदीत शिकवलं. माझी हिंदी काही वाईट नाही हं. मधूनच एखादा मराठी शब्द घुसायचा, पण वर्गात मुलं लगेच पकडायची. "मैडम जी, जे का बोल दओ!" म्हणून खिदळायची, की मी जीभ चावायची आणि शब्द बदलायची. त्या वर्षी खिदळायला समोर कोणी नव्हतं. घरात मी भांड्यांशी, उतू जाणाऱ्या दुधाशी, खिडकीतल्या कबुतरांशी मराठीत भांडायचे. तोंडात मराठीच बसली, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पाचवीत एक मुलगी होती. हुशार, आणि जरा फटकळ. म्हणून माझी लाडकी. राहण्याजेवणाची एक सरकारी शाळा आहे, सहावीपासून पुढची. तिच्या परीक्षेचा फॉर्म पाचवीतच भरता येतो, तोही एकदाच. ती संधी गेली की गावातल्या मुलीचं पुढं काय होतं ते मी बावीस वर्षं बघत आले. आठवी झाली की घर, गुरं आणि लग्न. या पोरीला मी तिथं पोचवणारच, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं.

आम्ही शिक्षक शाळेत धान्य वाटायला गेलो तेव्हा कोरा फॉर्म मी तिच्या हातात दिला. तो भरून, बापाची सही घेऊन, फोटो काढून मला पाठवायचा. मी इथल्या दुकानातून तो ऑनलाइन चढवणार, एवढंच काम. शेवटच्या तारखेला तीन दिवस उरले तरी फोटो येईना, म्हणून मी तिच्या बापाच्या फोनवर घाईघाईनं आवाज भरून पाठवला. दुसऱ्या संध्याकाळी फोटो आला. माझा नेटपॅक संपत आलेला, चित्र धूसर. मी न उघडताच "शाबास बेटा" लिहून मोकळी झाले. कपाळ माझं!

शेवटच्या दिवशी सकाळी दुकानात बसून फोटो उघडला, तर फॉर्म कोरा. नाव नाही, गाव नाही, सही नाही. चारी कोपरे दाबून धरून, सरळ, सुंदर काढलेला कोऱ्या कागदाचा फोटो. मी बापाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

दुकानवाला म्हणाला, "मैडम जी, आप ही भर दो. साइन भी मार दो, कौन देखता है!" तिची जन्मतारीख, पत्ता, सगळं माझ्या वहीत होतं. पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. दुसऱ्याच्या नावाची सही करायची, उद्या कोणी विचारलं तर नोकरी जायची. मी घाबरले. खोटं कशाला सांगू, घाबरलेच.

मग चिरगाँवची बस, पुढं टेम्पो, पुढं पायी. पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. मुलगी दारात शेंगा सोलत होती. मला बघून तिचा चेहरा असा फुलला, आणि मी काय केलं? तिचा नमस्कारसुद्धा घेतला नाही. तिथंच ओरडले, "खाली क्यों भेजा फॉर्म? अकल कहाँ गई थी?"

ती रडली नाही. आत गेली, पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "आपई ने तो कई थी."

"मैंने? कब?"

तिनं डोळे मिटले आणि माझा निरोप म्हणून दाखवला. फोन रात्रीच घरी यायचा, म्हणून ती माझे सगळे धडे रात्री ऐकून पाठ करायची आणि दिवसभर शेंगा सोलताना स्वतःशी म्हणायची. तो निरोपही तसाच पाठ केलेला. माझ्याच हेलात, मधल्या माझ्या खोकल्यासकट: "बेटा, सुनो, फॉर्म के एकदम खाली, पापा की सही. बाकी मैं देख लूँगी."

अगं बाई! खाली म्हणजे नीचे, सही म्हणजे दस्तखत, ते माझ्या घरात. तिच्या घरात खाली म्हणजे कोरा, आणि सही म्हणजे बरोबर. बाप आधीपासून म्हणत होता, "खराब हो जैहै, खाली रान दे, मैडम भर लैहैं." म्हणजे कोराच राहू दे, मॅडम भरतील. ती म्हणत होती, मी भरते. दोघांचा वाद चाललेला, आणि मधे माझा आवाज निकाल देऊन गेला: एकदम खाली, पापाचीच बात सही. तिनं मुकाट्यानं पेन ठेवून दिलं होतं. वर्गात असती तर तोंडावर हसली असती, "मैडम जी, नीचे कहो!" आणि तिथल्या तिथं संपलं असतं.

बापाला रानातून शोधून आणला. फॉर्म तिनंच भरला, मोत्यासारख्या अक्षरात. बापानं सही केली. त्याच्या मोटरसायकलवर आम्ही तिघं चिरगाँवच्या दुकानात पोचलो तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती, आणि पाचलाच मुदत संपत होती. पडद्यावरची चकरी फिरत राहिली. फोटो चढला, पत्ता चढला, चकरी पुन्हा फिरली. पाच वाजले. दुकानदारानं मान हलवली. "बंद हो गया, मैडम जी."

बाहेर बाकावर मी तिला सगळं सांगितलं. माझी भाषा वेगळी, माझे शब्द वेगळे, चूक माझी, तुझी नाही. माफ कर म्हटलं. बावीस वर्षांत कुठल्या मुलाची माफी मागितली नव्हती. ती एकदम खुदकन हसली. "तो सही माने दस्कत?"

"हओ."

"और खाली माने नैंचें?"

"हओ."

बापानं मोटरसायकल चालू केली. ती मागं बसली, फॉर्म छातीशी धरून. तिला वाटलं असावं, मैडम फार कोमेजली, तिला धीर द्यावा. म्हणाली, "कोई बात नईं, मैडम जी. इतईं सही."

म्हणजे इथंच, गावातच, तर इथंच. दहा वर्षांची पोर.

परतीच्या बसमध्ये चारच माणसं होती. यांचा फोन आला, मी उचलला नाही. झाशी येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून मी पाठ करत होते: नीचे, दस्तखत. नीचे, दस्तखत.